जातो आणि परत येतो: घरी बनवलेल्या ट्यूब ॲम्पमधला हम

तक्रार साधारण अशी असते. गिटारचा ट्यूब ॲम्प स्वतः बांधला, पीसीबीही (पार्ट्स ज्यावर सोल्डर होतात तो तांब्याच्या ट्रॅकचा बोर्ड) स्वतः डिझाइन करून बनवून घेतला. पहिल्यांदा चालू केला तेव्हा शांत होता. मग कधीतरी हम, म्हणजे मेनच्या (भिंतीतल्या) विजेमुळे येणारा सततचा घुमणारा आवाज, सुरू झाला. झाकण उघडलं, दोन-चार ठिकाणी हात फिरवला, एखादा नट आवळला, एखादा जोड पुन्हा सोल्डर केला आणि हम गायब. झाकण लावलं, ॲम्प अर्धा तास तापला, की पुन्हा तेच. दरम्यान फिल्टर कपॅसिटर बदलून झालेले असतात, ट्यूबही बदलून झालेल्या असतात, आणि दर वेळी वाटतं की आता सापडलं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कायम असणारा हम आणि येऊन-जाऊन असणारा हम यांची कारणं सहसा वेगळी असतात. कायमचा हम डिझाइनमध्ये असतो. येऊन-जाऊन असणारा एखाद्या जोडात असतो, आणि बहुतेक वेळा तो जोड तुमच्या सर्किट डायग्राममध्ये काढलेलाच नसतो. जिथे बोर्ड, जॅक किंवा स्क्रू चासीला (ॲम्पच्या धातूच्या डब्याला) टेकतो तिथे आपोआप तयार झालेलं ते ग्राउंड, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टचा जोड, असतं. नट आवळल्यावर हम गेला तर तो बरा झाला असं समजू नका. त्या नटातून करंट वाहतोय, एवढंच त्यातून कळतं.

शोधाशोध करण्याआधी व्होल्टेजबद्दल. या ॲम्पमध्ये बी प्लस, म्हणजे ट्यूबना लागणारा हाय व्होल्टेज डीसी, ३०० ते ४५० व्होल्ट असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये तसाच राहू शकतो. ४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला पावणेचार ज्यूल ऊर्जा धरून बसतो. पहिल्या फिल्टर कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) नसेल तर आधी तो लावा. एकूण १०० मायक्रोफॅरॅड असतील तर तो दोन मिनिटांत व्होल्टेज दोन व्होल्टच्या आत आणतो. तरीही बोर्डला हात लावण्याआधी दर वेळी मीटरने बघायचंच, कारण ब्लीडरचा जोडही तुटू शकतो. चालू ॲम्पमध्ये मोजताना काळा प्रोब क्लिपने आधीच अडकवून ठेवायचा आणि एकच हात आत घालायचा. स्पीकर किंवा डमी लोड (स्पीकरच्या जागी लावायचा रेझिस्टर) जोडल्याशिवाय ॲम्प चालवायचा नाही. आणि हम घालवण्यासाठी मेनचं अर्थिंग काढून बघायचा सल्ला कुणी दिला, तर त्याचं पुढचं काहीच ऐकू नका.

कोणता हम आहे ते आधी ठरवा

गिटार हातात आहेच, तिचा उपयोग करा. जाड ई तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की जी स्वर मिळतो, ९८ हर्ट्झचा. ५० हर्ट्झच्या मेनवर हम या स्वराशी जुळला तर तो १०० हर्ट्झचा आहे. बरोबर एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झचा. जिथे मेन ६० हर्ट्झ आहे तिथे १२० हर्ट्झ हा ए तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या साधारण मधोमध पडतो. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप असेल तर आणखी बरं, कारण गिटारचा स्पीकर ८० हर्ट्झच्या खाली फारसा वाजत नाही आणि ५० हर्ट्झच्या हमचे फक्त वरचे हार्मोनिक्स कानावर येतात. त्यामुळे कान फसतो.

१०० असेल तर संशय बी प्लसच्या रिपलवर (डीसीमध्ये उरलेल्या चढ-उतारावर) किंवा फिल्टर कपॅसिटरच्या चार्जिंग पल्सवर (तो भरताना बसणाऱ्या करंटच्या झटक्यांवर). ५० असेल तर हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार), ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, हाफ-वेव्ह रेक्टिफायरवर चालणारा बायस सप्लाय (पॉवर ट्यूबना निगेटिव्ह व्होल्टेज देणारा), किंवा दुसऱ्या उपकरणाशी झालेला ग्राउंड लूप (ग्राउंडचे दोन रस्ते मिळून झालेलं वेटोळं). आवाजाचा पोतही ऐका. रिपलचा हम गोल आणि मऊ असतो. चार्जिंग पल्स ग्राउंडमधून सिग्नलमध्ये शिरले की आवाज दातेरी होतो, नुसत्या हमपेक्षा खरखरीकडे झुकणारा. घरी बनवलेल्या पीसीबीवर हा दुसरा प्रकार फार दिसतो, आणि पुढचं बरंचसं लिखाण त्याच्यावरच आहे.

आता व्हॉल्यूम फिरवा. शून्यावर हम गेला तर तो पॉटच्या (व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरच्या) आधी शिरतोय. फरकच पडला नाही तर पॉटच्या नंतर. आणि मधोमध सर्वात जास्त, दोन्ही टोकांना कमी असा असेल, तर पॉटपासून पुढच्या ट्यूबच्या ग्रिडपर्यंतची (सिग्नल जिथे ट्यूबमध्ये शिरतो त्या पिनपर्यंतची) वायर हवेतून हम पकडतेय. एक मेगाओहमचा पॉट विद्युत मध्यावर असताना त्याचा सोर्स इम्पीडन्स २५० किलोओहम असतो, म्हणजे सर्वात जास्त, म्हणून असं होतं. त्या वायरला शील्ड लावा, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा आणि हा मुद्दा मिटवा.

नंतर ट्यूब काढून बघा, इनपुटकडून एकेक. ॲम्प बंद, ट्यूब काढली, पुन्हा चालू. पहिली १२एएक्स७ (प्रीॲम्पची छोटी ट्यूब) काढल्यावर हम गेला तर तो त्या टप्प्यात किंवा त्याच्या आधी. फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबच्या आधीची ट्यूब) काढूनही राहिला तर पॉवर विभागात. पॉवर ट्यूबही काढल्या आणि तरी स्पीकरमधून मंद हम येतोय, तर मेन ट्रान्सफॉर्मर थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरशी बोलतोय. एक लक्षात ठेवा: ट्यूब कमी झाल्या की लोड कमी होतो आणि बी प्लस वर चढतो. कपॅसिटर आधीच त्यांच्या रेटिंगच्या काठावर असतील तर पॉवर ट्यूब काढलेल्या अवस्थेत ॲम्प फार वेळ चालवू नका.

पुश-पुल ॲम्पमध्ये (जिथे दोन पॉवर ट्यूब उलट-सुलट जोडीने काम करतात) दोन पॉवर ट्यूबचा करंट सारखा नसेल तर बी प्लसचा रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये पूर्ण कटत नाही. एकीकडे २५ आणि दुसरीकडे ३५ मिलिॲम्प असेल तर तेवढं ऐकू येतं. एकाच ईएल८४ पॉवर ट्यूबच्या सिंगल-एंडेड ॲम्पमध्ये हे कटणं नसतंच, त्यामुळे तिथे फिल्टरिंग मुळातच जास्त लागतं.

इनपुट जॅक

स्विच असलेल्या जॅकमध्ये प्लग नसताना टिप आपोआप ग्राउंडला शॉर्ट होते. एक जुना प्लग घ्या, त्याची टिप आणि स्लीव्ह आतून सोल्डरने जोडा. आता तुलना करा. काही न लावता हम आहे आणि हा शॉर्ट प्लग लावल्यावर नाही, तर जॅकच्या स्विचचा संपर्क खराब आहे. एवढंच. याला वेळोवेळी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून लोक वर्षं काढतात. त्यापेक्षा जॅक बदला.

शॉर्ट प्लग लावून शांत आणि गिटार लावली की हम, तर ॲम्प सोडा आणि गिटार, केबल, पिकअप बघा. सिंगल-कॉइल पिकअपची गिटार हातात घेऊन फिरलं की हम कमी-जास्त होतो. तो ॲम्पचा दोष नाही.

शॉर्ट प्लग लावूनही हम आहे? मग पुढे वाचा.

कपॅसिटर वाढवण्याआधी

हम म्हटलं की हात आधी मोठ्या कपॅसिटरकडे जातो. म्हणून आधी रिपल मोजून घ्या. ८० मिलिॲम्प ओढणाऱ्या ॲम्पमध्ये ४७ मायक्रोफॅरॅडच्या पहिल्या कपॅसिटरवर सुमारे १७ व्होल्ट टोक ते टोक रिपल असतो. मीटरच्या एसी रेंजवर तो ५ व्होल्टच्या आसपास दिसेल. हे बिघाडाचं लक्षण नाही, गणितच तसं आहे. बरेच स्वस्त मीटर एसी रेंजवरही डीसी पकडतात, म्हणून प्रोबच्या सिरीजमध्ये ०.१ मायक्रोफॅरॅड, ६३० व्होल्टचा कपॅसिटर घालून मोजा. ५ ऐवजी १५ दिसले तर कपॅसिटर खरोखर गेला आहे, बदला. पुढे १० किलोओहम आणि २२ मायक्रोफॅरॅडचा एकच टप्पा १०० हर्ट्झचा रिपल जवळजवळ १४० पट कमी करतो. त्यामुळे प्रीॲम्पपर्यंत रिपल सहसा उरत नाही.

मोजल्यावर रिपल ठीक निघाला, तरी कपॅसिटर वाढवला तर काय होतं? तो भरण्यासाठी कमी वेळ पण जास्त जोराने करंट ओढतो. पल्स अरुंद आणि उंच होतात. ते पल्स ज्या तांब्यातून जातात तेच तांबं इनपुटचं ग्राउंडही असेल तर खरखर वाढते. दोन कपॅसिटर वाढवूनही आवाज आणखी कर्कश झाला, असं ज्यांना वाटतं त्यांचा कान बरोबर असतो. शिवाय ट्यूब रेक्टिफायर असेल तर पहिल्या कपॅसिटरला मर्यादा आहेच: जीझेड३४ साठी ६० मायक्रोफॅरॅड, ईझेड८१ साठी ५०.

बोर्डावरच्या ग्राउंडचा हिशोब

साध्या पीसीबीवर तांब्याची जाडी ३५ मायक्रॉन असते. अशा तांब्याच्या प्रत्येक चौकोनाचा रेझिस्टन्स जवळपास अर्धा मिलीओहम, मग तो चौकोन मिलिमीटरचा असो वा सेंटिमीटरचा. दीड मिलिमीटर रुंद आणि १२० मिलिमीटर लांब ट्रॅक म्हणजे ८० चौकोन, म्हणजे ४० मिलीओहम. कागदावर हे शून्यच वाटतं. पण ८० मिलिॲम्प सरासरी करंट असलेल्या सप्लायचे चार्जिंग पल्स अर्ध्या ॲम्पिअरच्या पुढे सहज जातात. अर्धा ॲम्पिअर गुणिले ४० मिलीओहम म्हणजे २० मिलीव्होल्ट. सिंगल-कॉइल पिकअपचा सिग्नल १०० मिलीव्होल्टच्या घरातला. या २० मधला एक मिलीव्होल्ट जरी इनपुट ग्रिडच्या लूपमध्ये आला तरी हम सिग्नलपेक्षा फक्त ४० डेसिबलने खाली राहतो. तार थांबली की तो खोलीभर ऐकू येतो.

आता येणं-जाणं कुठून येतं ते बघा. बोर्डाच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकाभोवती तांब्याची रिंग असते. डिझाइन करताना सगळीकडे ग्राउंडचं तांबं ओतलं की ती रिंग ग्राउंडला जोडली जाते, आणि सॉफ्टवेअर कसलीही तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ग्राउंड म्हणजे ग्राउंड. स्क्रूखालचा वॉशर सोल्डर मास्क खरवडतो आणि तिथे बोर्ड चासीला लागतो. इनपुट जॅकची धातूची मान चासीला लागते. स्पीकर जॅकचीही लागते. आता पहिल्या कपॅसिटरपासून इनपुटपर्यंत दोन रस्ते झाले: एक ४० मिलीओहमचा ट्रॅक, दुसरा चासी. चासीचा पत्रा स्वतः नगण्य रेझिस्टन्सचा, पण त्याच्या दोन्ही टोकांचे स्क्रू घट्ट असताना काही मिलीओहम, सैल किंवा ऑक्साइड धरल्यावर कितीही. दोन्ही रस्ते एकाच मापाचे असल्यामुळे करंट कुठून किती जाणार हे नट ठरवतो.

त्यात ॲल्युमिनियमवर हवेत ऑक्साइडचा थर लगेच धरतो आणि तो इन्सुलेटर असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर एफआर४ (पीसीबीचं नेहमीचं फायबरग्लास मटेरियल) बोर्डपेक्षा जास्त फुगतं. २०० मिलिमीटर लांबीवर ३० अंश तापमान वाढलं तर दोघांमध्ये सुमारे ०.०५ मिलिमीटरचा फरक पडतो. स्क्रूखाली बोर्डचं मटेरियलही दाबाने हळूहळू बसतं. म्हणून ॲम्प थंड असताना शांत आणि तापल्यावर हम, किंवा आवळल्यावर शांत आणि महिनाभराने हम. नट पुन्हा आवळून दुरुस्ती होत नाही. तो रस्ताच बंद करायला हवा.

नको असलेले ग्राउंड कसे शोधायचे

ॲम्प बंद, प्लग भिंतीतून काढलेला, कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री केलेली. आता सर्किटचं ग्राउंड आणि चासी यांना जोडणारी, तुम्ही जाणूनबुजून लावलेली वायर सोडा. मेनचं अर्थिंग चासीला जसंच्या तसं राहू द्या, त्याला हात लावायचा नाही. आणि ही वायर सुटी असताना ॲम्प चालू करायचा नाही.

मीटरचा एक प्रोब चासीवर, दुसरा पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्हवर. काहीच जोड दिसता कामा नये. बीप आला तर नको असलेला रस्ता आहे. मग एकेक सोडत जा: इनपुट जॅकचा नट, स्पीकर जॅकचा नट, बोर्डचे स्क्रू, कुणी पॉटच्या पाठीवर ग्राउंड सोल्डर केलं असेल तर ते, डबा कपॅसिटरची क्लॅम्प, शील्ड केबलचं दुसरं टोक. शेवटचा रस्ता सुटेपर्यंत बीप थांबणार नाही, म्हणून पहिला सोडल्यावर बीप राहिला तर तो निर्दोष असं धरून परत आवळू नका. सगळे सुटे ठेवूनच पुढे जा.

बीप आला म्हणजे जोड चांगला, असं मात्र समजू नका. बहुतेक मीटर काही दहा ओहमपर्यंतही बीप देतात, आणि इथे प्रश्न मिलीओहमचा आहे. साध्या मीटरच्या नुसत्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.१ ते ०.३ ओहम असतो, म्हणजे ट्रॅकच्या कित्येक पट. ओहम रेंजवर या जोडांबद्दल काहीही कळत नाही.

त्यासाठी मला ही युक्ती आवडते. पाच व्होल्टचा फोन चार्जर आणि १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घ्या. अर्धा ॲम्पिअर करंट मिळतो. हा करंट बंद आणि डिस्चार्ज केलेल्या ॲम्पच्या फक्त ग्राउंडमधून न्यायचा: एक क्लिप पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्हवर, दुसरी इनपुट जॅकच्या ग्राउंडवर. रेझिस्टर गरम होईल, होऊ द्या. मीटर २०० मिलीव्होल्ट डीसीवर ठेवून प्रोब क्लिपच्या आत, थेट तांब्यावर टेकवा. क्लिपवर टेकवले तर क्लिपच्या दातांचाच रेझिस्टन्स मोजाल. ४० मिलीओहमचा ट्रॅक २० मिलीव्होल्ट दाखवेल.

आता सगळे नट आवळलेल्या अवस्थेत हेच रीडिंग बघा. २० ऐवजी ६ किंवा ८ दिसलं, तर उरलेला करंट चासीतून जातोय. मीटरवर नजर ठेवून जॅकचा नट बोटाने हलवा, बोर्डचा कोपरा दाबा. आकडा ६ वरून ११ वर, ११ वरून ७ वर नाचायला लागला की तुमचा येणारा-जाणारा हम मीटरच्या काचेवर दिसतोय. ॲम्पमध्ये मेन नाही, हाय व्होल्टेज नाही, दोन्ही हात मोकळे, हवा तेवढा वेळ शोधत बसा. ट्यूब ॲम्पमध्ये इतक्या निवांतपणे करता येण्यासारखं दुसरं फार काही नसतं.

दुरुस्ती, नवा बोर्ड न बनवता

जॅक आधी. प्लास्टिक बॉडीचे, चासीला न लागणारे जॅक लावा, किंवा धातूच्या जॅकसाठी भोक मोठं करून इन्सुलेटिंग शोल्डर वॉशर घाला. स्पीकर जॅक विसरू नका, विशेषतः फीडबॅक (आउटपुटचा थोडा सिग्नल मागच्या टप्प्याला परत देणं) असेल तर. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं ग्राउंड चासीवरून फिरून येत असेल तर फीडबॅक त्या सगळ्या कचऱ्यासकट मागे जातो.

बोर्डच्या स्क्रूंच्या भोकांभोवतीचं तांबं धारदार कटरने गोल कापून ग्राउंडपासून तोडा आणि फायबर वॉशर लावा. प्लेटेड भोक असेल तर दोन्ही बाजूंनी कापावं लागतं, एक बाजू कापून काही होत नाही. नायलॉनचे स्पेसरही चालतात, पण पॉवर ट्यूबच्या शेजारी नकोत, उष्णतेने मऊ पडतात.

मग चार्जिंग पल्सचा रस्ता वेगळा करा. इथे एक सोपी परीक्षा आधी घेता येते. ॲम्प बंद आणि डिस्चार्ज करून, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेली जाड वायर संशयित ग्राउंड ट्रॅकला समांतर लावा, मग चालू करा. हम कमी झाला तर तोच ट्रॅक. पुन्हा बंद, डिस्चार्ज, पुढचा ट्रॅक.

दोषी ट्रॅक सापडला की त्याला जाड करण्यापेक्षा तोडणं बरं. रेक्टिफायरचा निगेटिव्ह, किंवा ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप, स्वतंत्र जाड वायरने थेट पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्ह पायावर आणा. त्या वायरवर दुसरं काहीही लागता कामा नये. पॉवर ट्यूबचे कॅथोड याच कपॅसिटरच्या निगेटिव्हला. पुढच्या प्रत्येक टप्प्याचं ग्राउंड त्या टप्प्याला बी प्लस देणाऱ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हला, आणि हे कपॅसिटर आपसात एका ओळीत, पॉवर विभागाकडून इनपुटकडे. शेवटचं टोक इनपुट जॅकच्या ग्राउंडला, आणि तिथेच जवळ चासीला एक, एकच, भक्कम जोड: रंग खरवडलेला, स्टार वॉशर, सोल्डर केलेला लग. चासीचा जोड पॉवर सप्लायकडे असावा की इनपुटकडे यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी इनपुटकडे देतो. पण तो एकच असणं हे कुठे आहे यापेक्षा फार महत्त्वाचं आहे. मेनचं अर्थिंग मात्र त्याच्या स्वतःच्या बोल्टवर, मेन सॉकेटजवळ. त्या बोल्टवर दुसरी वायर लावायची नाही.

ग्राउंड स्वच्छ केलं, तरी तापल्यावर हम

मग सॉकेटचे सोल्डर बघा. पीसीबीवर थेट बसवलेल्या पॉवर ट्यूबच्या सॉकेटला रोज तापणं-थंड होणं सोसावं लागतं, शिवाय ट्यूब काढता-घालताना जोर येतो तो वेगळाच. पिनभोवती सोल्डरमध्ये केसासारखी गोल तडा जाते. समोरून उजेड टाकला तर दिसत नाही. बोर्ड तिरका धरून, एका बाजूने टॉर्च मारून भिंगातून बघा, काळी बारीक रिंग दिसते. ईएल३४ च्या हीटरमध्ये दीड ॲम्पिअर, ईएल८४ मध्ये ०.७६ ॲम्पिअर वाहतो. हीटरच्या पिनला तडा गेली की तिथे उष्णता वाढते, तडा आणखी रुंदावते.

चालू ॲम्पमध्ये कोरड्या लाकडी काडीने सॉकेटच्या आसपास हलकेच टकटक करा आणि ऐका. दुरुस्त करताना नुसतं सोल्डरिंग आयर्न टेकवून सोल्डर वितळवू नका. जुनं सगळं शोषून काढा, पिन स्वच्छ करा, नवं सोल्डर भरा. पिनपासून ट्रॅकपर्यंत वायरचा छोटा तुकडाही सोल्डर केला तर पुढची तडा गेली तरी जोड टिकतो.

ऑक्टल (आठ पिनचं) सॉकेट असेल तर २ आणि ३ नंबरच्या पिनमधली जागाही त्याच भिंगाखाली घाला. ६व्ही६ आणि ईएल३४ या दोन्हींमध्ये २ नंबर हीटर आणि ३ नंबर प्लेट, म्हणजे शेजारी-शेजारी. तिथे फ्लक्सचा थर किंवा काळा पडलेला डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढा. कार्बन झालेलं बोर्ड अल्कोहोलने जात नाही, ते खरवडून काढावं लागतं, आणि खोल गेलं असेल तर त्या जागी बोर्डवर भरवसा ठेवू नये. सॉकेट चासीवर बसवा आणि वायरने बोर्डला जोडा.

५० हर्ट्झवाल्यांसाठी

पहिली १२एएक्स७ आणि दुसरी अदलाबदल करून बघा. हम बदलला तर ट्यूबमध्ये हीटर ते कॅथोड गळती आहे, आणि ती तापल्यावर वाढते, म्हणून हीसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्यांतलीच. ज्या टप्प्यात कॅथोड रेझिस्टरला बायपास कपॅसिटर नाही तिथे ही गळती जास्त ऐकू येते. २५ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला की दबते, पण गेनही वाढतो, टोन बदलतो. तो सौदा तुम्हाला पटतो का बघा.

हीटरच्या ६.३ व्होल्ट वाइंडिंगला सेंटर टॅप नसेल तर १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून कृत्रिम सेंटर तयार करा. तो थेट ग्राउंडला देण्याऐवजी बी प्लसवरून डिव्हायडर काढून ४० व्होल्टच्या आसपास उचललेल्या बिंदूला द्या, त्या बिंदूपासून ग्राउंडला एक कपॅसिटर लावून. गळतीचा हम बऱ्याचदा तेवढ्यानेच जातो. हे दोन रेझिस्टर आधीपासून असतील तर ते मोजा: पॉवर ट्यूब कधी शॉर्ट झाली असेल तर यांतला एक गुपचूप जळून तुटलेला असतो आणि बाकी सगळं ठीक चालतं, फक्त हम असतो.

बोर्डवर हीटरचे ट्रॅक पीळ घालून नेता येत नाहीत. एक ट्रॅक वर आणि दुसरा बरोबर त्याच्याखाली असेल तर थोडं भागतं. दोन ट्रॅक बोर्डच्या दोन कडांनी गेले असतील तर मधलं सगळं सर्किट त्यांच्या क्षेत्रात येतं. असे ट्रॅक तोडून पिळलेल्या वायरी घाला. १२एएक्स७ च्या पिन ४, ५ आणि ९ पर्यंत त्या वरून उतरू द्या, ग्रिडच्या २ आणि ७ नंबरपासून लांब.

दुसरा बोर्ड काढणार असाल तर

ग्राउंडला एकच नेट (सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या बिंदूंना दिलेलं नाव) ठेवू नका. प्रत्येक टप्प्याला वेगळं नाव द्या आणि ठरवलेल्या ठिकाणीच नेट-टायने जोडा. कायकॅड या पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आहे. मग सॉफ्टवेअर तुम्हाला चुकीच्या जोडावर अडवतं. सगळीकडे तांबं ओतायचा मोह टाळा. स्क्रूच्या भोकांना प्लेटिंग नको, भोवती तांबं नको. हाय व्होल्टेजच्या ट्रॅकमध्ये मी किमान ३ मिलिमीटर अंतर ठेवतो. हीटर बोर्डवर घेत नाही आणि पॉवर ट्यूबचे सॉकेटही चासीवरच लावतो. ६८ किलोओहमचा ग्रिड स्टॉपर (ग्रिडच्या सिरीजमधला रेझिस्टर) जॅकपाशी न ठेवता ट्यूबच्या पिनला चिकटून ठेवा.

आणि सगळ्या ट्यूब काढूनही जो हम उरला होता, तो बोर्डने कमी होणार नाही. तो ट्रान्सफॉर्मरचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढा, वायरी तशाच ठेवा. ट्यूब काढलेल्या, प्रायमरीची टोकं सप्लायपासून सोडवून इन्सुलेट केलेली, आणि सेकंडरीला हेडफोन. मेन ट्रान्सफॉर्मर चालू करून आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवा. साधारण ९० अंशांच्या आसपास एक जागा येते जिथे हम जवळजवळ बुडतो. तिथे पेन्सिलने खूण करा, बंद करा, आणि चासीला नवी भोकं पाडा.